कुइक्काची मालकीण

फिनलंडमधल्या आमच्या कोस्किवारात कुणालाही विचारा, बर्फावरच्या हॉकीचा संघ कुणाचा? उत्तर एकच मिळेल, "आपला." दुकानदार हेच म्हणेल, पाद्रीही हेच म्हणेल. ज्याने वीस वर्षांत तिकीट काढून एकही सामना पाहिला नाही, तो तर हे सगळ्यात मोठ्याने म्हणेल. मोठ्याने म्हणजे आमच्या मानाने, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. मी, तौनो हार्तिकाइनेन, त्या क्लबचा चिटणीस. एकतीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहितो आहे आणि भागधारकांची यादी माझ्याच कपाटात असते. त्यामुळे 'आपला' म्हणजे नक्की कुणाचा, हे गावात मला सगळ्यांच्या आधी कळतं. कळून मी काय केलं, ते पुढे येईलच.

ही गोष्ट माझी नाही, लेम्पी तुओविनेनची आहे. लेम्पी एकोणिसाव्या वर्षी कागद गिरणीच्या धुलाई खात्यात लागली. संघ तेव्हा गिरणीचा होता. गिरणीनेच तो काढला, गिरणीनेच बर्फाचं मैदान बांधलं आणि पाळी संपली की कामगार त्यावर स्केट बांधून उतरायचे. पुढे पगारी खेळाडू आले, पण कपडे गिरणीतच धुतले जात. साहेबाने नव्या पोरीला बोलावून सांगितलं, "हॉकीवाल्यांचे कपडेही तूच बघ." त्याला वाटलं असेल, महिनाभराचं काम आहे. त्याला आज पन्नास वर्षं झाली. गिरणी बंद पडली, साहेब वारला आणि लेम्पी अजून तेच बघते आहे.

संघाचा इतिहास आम्ही स्मरणिकेत छापला आहे, पण खरा इतिहास लेम्पीच्या धुलाईखोलीतल्या बिस्किटांच्या डब्यात आहे. प्रत्येक मालकाने बदललेलं बोधचिन्ह तिने उसवून त्यात ठेवलं. गिरणीच्या काळात सदऱ्यावर छातीभर कुइक्का असे, आमच्या तळ्यावर ओरडणारा काळ्या गळ्याचा पक्षी; संघाचं नावही तेच. गिरणी परक्यांनी घेतली आणि त्यांनी संघ नको म्हटल्यावर टायरवाला आर्वी लुओस्तारिनेन मालक झाला. त्याने कुइक्काला टायरच्या आत बसवलं. आर्वी थकला, मग सॉसेजवाले आले. त्यांनी पक्षी खांद्यावर सरकवला आणि छातीवर सॉसेज आणलं. प्रत्येक नवा मालक आला की खेळाडूंसमोर उभा राहून म्हणायचा, "काहीही बदलणार नाही." ते ऐकलं की लेम्पी उसवायची कात्री शोधायला लागायची.

कुणाचं बिंग फोडणं तिच्या स्वभावात नाही. ज्या वर्षी आम्हाला कांस्यपदक मिळालं, त्या वर्षी आमचा गोलरक्षक केइयो याने जाहीर केलं की जिंकणं चालू आहे तोवर आतला बनियन धुवायचा नाही. नऊ सामने सलग जिंकलो. वर्तमानपत्रात त्या बनियनचा फोटो आला, खाली 'न धुतलेलं नशीब' असं लिहून. केइयो अजूनही लग्नाकार्यात ती गोष्ट सांगतो. लेम्पी तो बनियन रोज सकाळी धुवायची, वाळवायची आणि होता तसा चुरगाळून त्याच्या जागेवर ठेवायची. मला तिने हे सांगितलं ते चाळीस वर्षांनी, आणि तेही मी विचारलं म्हणून.

मग मंदी आली आणि सॉसेजवाल्यांनी हात वर केले. तेव्हा मात्र गावाने कमाल केली. संघाचे शेअर गावच्या चौकात टेबल मांडून विकले आणि लोकांनी रांगा लावून घेतले. निम्म्या गावाने आपला शेअर चौकटीत घालून साउनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत टांगला, म्हणजे नागव्याने बसल्या बसल्या मालकीचा आनंद घेता यावा. लेम्पीला रांगेत उभं राहायला सवड नव्हती, तर खेळाडूंनी वर्गणी काढून तिच्यासाठी एक घेतला. तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून साबणाच्या फळीवर खिळ्याला अडकवला. कुइक्का पुन्हा छातीवर आला. शिवताना लेम्पी गुणगुणत होती, हे मी स्वतः ऐकलं आहे.

संघाच्या नव्या कंपनीची नियमावली गिरणीच्या जुन्या वकिलाने फुकट लिहून दिली. त्यात त्याने एक कलम घातलं: संघाचं घरचं मैदान दुसऱ्या गावी न्यायचं असेल, तर सभेला हजर असलेल्या एकाही भागधारकाने विरोध केलेला नसावा. एवढ्या भागधारकांत एक तरी विरोध करणारच, म्हणजे संघ कायमचा इथला, असा त्याचा हिशेब. पण वकील होता पश्चिम किनाऱ्याकडचा. तिकडे लोक बोलतात.

आमच्याकडे सभेची रीत ठरलेली. आधी कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव, पुल्ला. पहिला कप होईपर्यंत कुणी विषय काढत नाही. मग अध्यक्ष विचारतो, "कुणाचा विरोध?" सगळे कपात बघतात. मी लिहितो, 'विरोध नाही.' मग दुसरा कप. घरी जाऊन साउनात बसलं की माणसाला वाचा फुटते आणि मंजूर झालेलं सगळं कसं चुकीचं होतं, ते तो बायकोला सविस्तर सांगतो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला आमच्याकडे भरपूर माणसं तयार असतात, फक्त मांजर घरी गेल्यावर.

या सभांची कॉफी लेम्पीच करायची. भागधारक असूनही ती खुर्चीवर कधी बसली नाही. किटली घेऊन दारात उभी असायची. मी एकदा म्हटलं, "लेम्पी, तूही मालक आहेस, बस की." ती म्हणाली, "सभेत बसले की लोक म्हणतील, आता बोल. उभं असलं की निदान कामात आहे असं दिसतं."

मग योआकिम स्टेनरूस आला. वय अडतीस, हेलसिंकीचा. फोनवरच्या एका खेळात ससे पळवून त्याने एवढी कमाई केली होती की आता त्याला खरोखर पळणारं काहीतरी हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने गुपचूप, एकेकाला पत्र लिहून, शेअर मागितले आणि भाव चांगला दिला. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे काही विकणार नाहीत, आपल्या एकट्याच्या एका कागदाने काय बिघडतं? गावातल्या बँकेत जायची लाज वाटत होती, म्हणून प्रत्येकजण पलीकडच्या रिस्तीलाहतीला गेला. तिथल्या रांगेत माझ्या पुढे आमचा पाद्री उभा होता. दोघांनीही जमिनीकडे पाहिलं. "गारठा वाढलाय," पाद्री म्हणाला. जून महिना होता.

हो, मीही विकला. त्या पैशांत बोटीला मोटर बसवली. यादीतून माझं नाव मीच खोडलं, पट्टी लावून, सरळ रेघेत. गावात सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. भिंतीवरच्या चौकटी तशाच राहिल्या. कुणी त्यांत बदकाचा फोटो घातला, कुणी नातवाचा.

दोन वर्षांनी यादीत दोनच नावं उरली, योआकिम स्टेनरूस आणि लेम्पी तुओविनेन. लेम्पीला त्याचं पत्र तीनदा आलं. "भेट मिळालेली वस्तू आहे," ती म्हणाली, "भेट विकत नसतात." तिने हे तत्त्व म्हणून सांगितलं नाही, साबण कुठे ठेवलाय ते सांगावं तसं सांगितलं.

एप्रिलमध्ये बातमी फुटली. संघ दक्षिणेतल्या मोठ्या शहरात जाणार. मे महिन्यातल्या सभेत ठराव. गाव हादरलं. "आपला संघ नेतात म्हणजे काय," असं लोक साउनांत म्हणू लागले. मग कुणाला तरी ते कलम आठवलं. एक विरोध पुरेसा होता, पण तो भागधारकाचा हवा. आणि विरोध करू शकेल अशी भागधारक अख्ख्या गावात एकच उरली होती, जी पन्नास वर्षांत सभेत साखर हवी का यापलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

लोकांनी तिला विनवायला हवं होतं. पण विनवायचं म्हणजे आधी आपण विकल्याचं कबूल करायचं. म्हणून ते वस्तू ठेवून जाऊ लागले. पहाटे तिच्या दारात साफ केलेले मासे, बर्चची चिरलेली लाकडं, रुबार्बच्या आंबट देठांच्या जुड्या. पाद्रीने रानबेरीच्या मुरांब्याच्या बरण्या ठेवल्या आणि कुत्रं भुंकायच्या आत पसार झाला.

मी गेलो तेव्हा लेम्पी मशीनमध्ये मोजे भरत होती. "तौनो, मी मेले की काय?" ती म्हणाली. "सगळे दारात काहीबाही ठेवून जातायत."

"लोकांना वाटतं, तू बोलावंस."

"काय बोलावं?"

"ते... तुला माहीतच आहे."

"मला नाही माहीत. तू सांग."

मी खिडकीबाहेर पाहिलं. "यंदा तळ्यावरचा बर्फ लवकर गेला."

"गेला खरा," लेम्पी म्हणाली. तिने मशीनचं दार लावलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "नवरा गेला तेव्हापासून माझा आठवडा या कपड्यांवर चालतो. संघ गेला तर माझ्याकडे फक्त माझे कपडे उरतील. एका माणसाचे असतात किती? आणि मला सभेत बोलता येत नाही. दोन्ही खरं आहे." मला तेव्हा तिचा हात धरावासा वाटला. मी टोपी घातली आणि निघालो.

योआकिमही तिच्याकडे आला. त्याने सरळ विषय काढला. इथे मालकालाही अरेतुरे चालतं, त्यामुळे दोघंही मोकळेपणाने बोलले, म्हणजे तो बोलला.

"लेम्पी, नवीन मैदानाला बारा हजार खुर्च्या आहेत. धुलाईची खोली वेगळी, सहा मशिनं. तूही चल."

"सहा मशिनांकडे एकदम कोण बघणार?"

"मदतीला माणसं देऊ. म्हणजे तुझी काही हरकत नाही ना?"

लेम्पीने ड्रायरकडे पाहिलं. "कॉफी घेतोस?"

त्याने कॉफी घेतली, पुल्लाचं कौतुक केलं आणि गाडीत बसता बसता आपल्या वकीलबाईंना फोन करून सांगितलं की म्हातारी राजी आहे. हेलसिंकीत गप्प बसण्याचा अर्थ होकार होत असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ काय, ते आम्हालाही नक्की माहीत नाही.

सभा शनिवारी दुपारी बाराला होती. क्लबच्या खोलीत एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. भागधारक दोन, प्रेक्षक दीडशे. केइयो गोलरक्षक पहिल्या रांगेत, शेजारी पाद्री. अध्यक्षपदी योआकिमची वकीलबाई कामिला. बारा वाजता तिने घंटी वाजवली आणि कुणीच जागेवर बसेना. "काय झालं?" तिने मला विचारलं. "कॉफी व्हायची आहे," मी म्हटलं. तिने घड्याळ पाहिलं. कॉफी झाली. मग विषय एक ते सहा, विरोध नाही, विरोध नाही. पेन आपोआप चालत होतं.

"विषय सात. संघाचं घरचं मैदान बदलणे. कुणाचा विरोध?"

दीडशे माणसं कपात बघू लागली. ज्यांचा कप संपला होता तीही रिकाम्या कपात बघत होती. बाहेर कुणीतरी सायकल उभी केली तेवढा आवाज झाला. लेम्पी किटली घेऊन दारात उभी होती आणि किटलीचं झाकण थडथडत होतं. बोल, मी मनात म्हणत होतो, बोल की. मनात म्हणायला माझं काय जातं?

कामिला म्हणाली, "तर मग विरोध नसल्याने..."

लेम्पी चालू लागली. मला वाटलं, दुसरा कप वाढायला निघाली. ती सरळ माझ्या टेबलाशी आली, किटली माझ्या वहीवर ठेवली आणि म्हणाली, "लिही."

"काय लिहू?"

"माझा विरोध आहे." आवाज एवढा लहान की मागच्यांना ऐकू गेला नाही. मग तिने श्वास घेतला आणि खोलीकडे वळून, पहिल्यांदाच पाठ भिंतीला न टेकता, पुन्हा म्हणाली, "माझा विरोध आहे. संघ इथेच राहील."

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. पण केइयोने नाक शिंकरलं, आणि बराच वेळ शिंकरत राहिला.

योआकिम बावरून तिच्याकडे बघत होता. "लेम्पी, मी तुला विचारलं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा सभा नव्हती," लेम्पी म्हणाली. "दुसरा कप घेणार?"

वहीच्या त्या पानावर किटलीचा गोल डाग अजून आहे. मी ते पान पुन्हा उतरवून काढलं नाही.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संघ राहिला म्हणजे त्याला पोसणंही आलं. पक्षी हलत नाही म्हटल्यावर योआकिमला तो पांढरा हत्ती वाटू लागला, आणि ऑक्टोबरमध्ये कामिला एक कागद घेऊन धुलाईखोलीत आली. सगळे शेअर उरलेल्या भागधारकाला, एका युरोला. आता पुन्हा सावरलेल्या सॉसेजवाल्यांनी आणि नगरपालिकेने खर्चाचं कबूल केलं होतं, पण मालकी कुणालाच नको होती. लेम्पीने खेळाडूंच्या खिशांतून धुताना निघालेल्या नाण्यांची बरणी उतरवली, त्यातलं एक नाणं पुसून कामिलाच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "पावती मिळेल ना?"

अशा आमच्या धुलाईवाल्या लेम्पीमावशी संघाच्या मालकीण झाल्या. मावशी हे खेळाडूंचं संबोधन. ती मालकीण झाल्यावर पोरांनी तिला अहोजाहो करून पाहिलं, तेव्हा तिने सगळ्यांचे मोजे एकत्र धुवून उलटसुलट वाटले. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा एकेरीवर आले.

गावाने मात्र जातीवर यायला आठवडाही लावला नाही. पहिला सामना हरलो आणि बाजारात शब्द पडले, "लेम्पीचा संघ हरला." दुसरा हरलो. "लेम्पीला प्रशिक्षक निवडता येत नाही." ज्यांच्यासाठी तिने भर सभेत ते एक वाक्य म्हटलं, तेच आता रुबार्बची जुडी परत मागायच्या बेतात होते. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. मला राग आला. तो मी साउनात व्यक्त केला.

लेम्पीने ते ऐकलं असणार, कारण डिसेंबरात आमच्या साप्ताहिकात एक चौकट आली: 'कुइक्काचा शेअर ज्याला परत हवा असेल त्याने दुपारी धुलाईखोलीत यावं. पैसे नकोत. फक्त "मी विकला होता" एवढं मोठ्याने म्हणावं. तुओविनेन.'

गावात अशी शांतता पसरली की आमच्या मानानेही ती जास्त होती. फुकट शेअर! पण पैसे मागितले असते तर रांग लागली असती. पहिल्या हिवाळ्यात चौघे गेले. पाद्री सगळ्यांत आधी गेला. लोक म्हणाले, त्याचं कामच ते, पण आमच्या पंथात कबुली घ्यायची पद्धत नाही, त्यालाही ते जडच गेलं. केइयो गेला. तो म्हणे, बाहेर आला तेव्हा हातात शेअर होता आणि चेहरा पांढराफटक होता. आत लेम्पीने त्याला आणखी काही सांगितलं का, मला माहीत नाही. बनियनची गोष्ट त्यानंतर त्याने कुठल्या लग्नात सांगितलेली नाही.

मी चारदा गेलो. चारही वेळा कॉफी प्यायलो, हवेबद्दल बोललो आणि परत आलो. शेवटी वाटलं, आपण लिहिणारा माणूस, लिहूनच टाकावं. हे सगळं वर लिहिलं आहे तितकं लिहून काढलं आणि मागच्या मंगळवारी तिच्याकडे नेलं. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि इस्त्रीच्या टेबलावर पानं पसरून सगळं वाचलं. मोटरच्या वाक्याशी थोडी थांबली.

"छान लिहिलंयस," ती पानं जुळवत म्हणाली. "पण लिहिण्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं."

मशीन फिरत होतं. दारात दोन खेळाडू त्यांचे सदरे घ्यायला उभे होते, विशीतली पोरं. त्या सभेत ते एक वाक्य म्हणणं तिला किती जड गेलं असेल ते मला त्या क्षणी कळलं, एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहूनही तोवर कळलं नव्हतं.

"मी विकला होता," मी म्हणालो.

"मशीन चालू आहे," लेम्पी म्हणाली. "ऐकू नाही आलं." तिने बटण दाबून मशीन बंद केलं आणि वाट पाहत राहिली. पोरंही बघत होती.

"मी विकला होता. आणि त्या पैशांत मोटर घेतली."

"चांगली आहे का मोटर?"

"नाही. सारखी बंद पडते."

तिने खणातून कागद काढला, त्यावर माझं नाव लिहिलं आणि ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून कोपऱ्यात धरून माझ्याकडे दिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "शनिवारी हरलो तर आता मी एकटी हरणार नाही."

मग तिने मशीन पुन्हा चालू केलं, आणि मी तिथेच बसून पोरांचे मोजे जोड्या लावून दिले.